लिनक्स सर्व्हरवर जीपीयू बसवणे आणि मे महिन्याच्या हिशोबाने त्याची स्ट्रेस टेस्ट करणे

स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे मशीन मुद्दाम पूर्ण भारावर चालवून बघण्यात, एकटं जीपीयू कार्ड (ग्राफिक्स कार्ड) तपासलं जात नाही. कार्डासोबत एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), वायरिंग, अर्थिंग, खोलीतली हवा आणि ड्रायव्हर हे सगळं एकदम ताणलं जातं. मराठवाड्यात यातली हवा आणि वीज ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबरच्या रात्री बिनतक्रार चाललेली मशीन एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता बंद पडते आणि दोष कार्डावर येतो. म्हणून टेस्ट पहिल्यापासूनच वैशाखातली दुपार आणि पडलेलं व्होल्टेज धरून करायची.

उदाहरणासाठी एक ठरावीक मशीन घेऊ: उबंटू सर्व्हर २४.०४ आणि एनव्हिडियाची दोन आरटीएक्स ३०९० कार्डं. प्रत्येक कार्डाची मेमरी २४ जीबी आणि कमाल वीज ३५० वॅट. सेकंड-हँड बाजारात मिळणारं हे कार्ड कॉलेजच्या लॅबमध्ये आणि छोट्या ऑफिसांत बरंच दिसतं. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायच्या.

आधी वीज, मग कार्ड

दोन कार्डांचे ७०० वॅट, प्रोसेसरचे २००, बोर्ड, डिस्क आणि फॅनचे मिळून १०० असे १,००० वॅट धरा. एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर भिंतीतून साधारण १,११० वॅट ओढले जातात. २३० व्होल्टला हा करंट ४.८ अँपियर होतो. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. बल्बला व्होल्टेज कमी मिळालं की तो मंद होतो. एसएमपीएस मंद होत नाही, तो तेवढीच पॉवर मिळवण्यासाठी जास्त करंट ओढतो. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या आणि लाईन १८० व्होल्टवर आली की त्याच मशीनला ६.२ अँपियर लागतात. ६ अँपियरच्या सॉकेटमध्ये हा भार तासन्‌तास राहिला तर पिनेजवळचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि एक दिवस पिन आतच चिकटते. त्यामुळे १६ अँपियरचं सॉकेट, मेन बोर्डापासून थेट आणलेली किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तिला स्वतंत्र एमसीबी हवा. वायर लांबून आणायची असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घ्या. त्या लाईनवर एसी किंवा पाण्याची मोटर जोडू नका.

एसएमपीएस १,३०० ते १,६०० वॅटचा, चांगल्या प्रतीचा घ्यावा. आतला भार १,००० वॅट असताना एवढा मोठा कशाला, असं वाटेल. पण ३०९० काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी मारतं. दोन्ही कार्डांची उसळी एकाच वेळी आली की एसएमपीएसचं संरक्षण त्याला शॉर्ट समजून मशीन बंद करतं. असं झाल्यावर लॉगमध्ये काहीही सापडत नाही, कारण लिनक्सला लिहायला वेळच मिळालेला नसतो.

घरातला इन्व्हर्टर इथे चालणार नाही. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला लागणारा क्षणभराचा वेळ पूर्ण भारातल्या एसएमपीएसला जड जातो. 'ऑनलाइन' प्रकारचा, म्हणजे मध्ये खंड न पडू देणारा यूपीएस घ्या आणि घेताना केव्हीएपेक्षा वॅटचा आकडा वाचा. २ केव्हीएचा यूपीएस मॉडेलप्रमाणे १,६०० किंवा १,८०० वॅट देतो, आणि या मशीनला तो पुरतो. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांना उष्णता अजिबात सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅटरीचा डबा सर्व्हरच्या गरम हवेच्या वाटेत ठेवणं म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी नव्या बॅटऱ्यांचा खर्च ओढवून घेणं.

अर्थिंगकडे आपल्या भागात खास लक्ष द्यावं लागतं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडल्या की अर्थिंगच्या पट्टीला किंवा पाइपला मातीचा घट्ट स्पर्श राहत नाही आणि कोरड्या मातीचा रोधही वाढतो. दिवाळीत चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून सॉकेटचं तीन वेळा माप घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन मापं जवळपास सारखी हवीत आणि तिसरं भार चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत. ही प्राथमिक खूण झाली. अर्थचा खरा रोध मोजायला इलेक्ट्रिशियनकडचा अर्थ टेस्टरच लागतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ तुटलेलं आहे असंच समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर त्या पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळपास निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. त्या अवस्थेत कार्डाला हात लावू नका. खड्ड्यात पाणी घालून घ्या, जोड घासून पुन्हा आवळून घ्या, आणि मापं पुन्हा घेऊन मगच पुढे जा.

खोली: कूलर नको

१,११० वॅट ओढणारी मशीन १,११० वॅटची शेगडीच असते. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे मशीनपुरता तो भरपूर झाला. पण वर पत्रा असेल किंवा शेवटच्या मजल्याचा उघडा स्लॅब असेल तर दुपारी छतातून येणारी उष्णता मशीनपेक्षा जास्त भरते. तिथे दीड टन घ्या, किंवा खोलीच खालच्या मजल्यावर निवडा.

उन्हाळ्यात घरोघरी चालणारा वाळ्याचा कूलर सर्व्हरच्या खोलीत मात्र लावू नका. हवा थंड होते हे खरं, पण बोअरचं जड पाणी बारीक तुषारांतून क्षार घेऊन येतं. महिन्याभरात कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर पांढरट थर बसतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. तो ब्रशने निघत नाही. त्यावर फुफाटा चिकटला की हवेची वाटच बंद होते. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू उडतात अशा ठिकाणी कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला धुता येणारी फिल्टर लावा आणि दर पंधरा दिवसांनी काढून धुवा.

कार्ड बसवणं

मशीन बंद करा, पण वायर लगेच काढू नका. वायर जोडलेली असताना कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, मग वायर काढा आणि पॉवर बटण एकदा दाबा म्हणजे उरलेला चार्ज जाईल. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ही काळजी जास्त घ्यावी.

दोन कार्डांमध्ये किमान एका स्लॉटची मोकळी जागा हवी. ३०९०ची बरीच मॉडेल्स तीन स्लॉट जाडीची असतात. ती चिकटून बसवली तर वरचं कार्ड खालच्याची गरम हवाच ओढतं आणि कायम दहा-पंधरा अंश जास्त तापतं. टी४, एल४ यांसारख्या सर्व्हर कार्डांना स्वतःचा फॅनच नसतो. ७०-७२ वॅटची छोटी कार्डं म्हणून ती साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये टाकली तर काही मिनिटांतच तापून मंदावतात. त्यांना पुढून जोराने हवा ढकलणारी सर्व्हरची चासीच लागते.

आठ पिनेची प्रत्येक पॉवर वायर १५० वॅटची आणि स्लॉट ७५ वॅटचा. दोन वायरी आणि स्लॉट मिळून ३७५ वॅट, म्हणजे ३५० वॅटचं कार्ड काठावर बसतं. म्हणून एकाच वायरीच्या टोकाला असलेले दोन फाटे एका कार्डाला लावू नका. एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी आणा. कनेक्टर आत जाताना खटका ऐकू आला पाहिजे आणि हलकं ओढून पाहिल्यावर सुटता कामा नये. नव्या कार्डांवरच्या १६ पिनेच्या कनेक्टरला ही काळजी दुप्पट घ्या. तो अर्धवट बसला की भार मोजक्या पिनांवर येतो आणि कनेक्टर वितळतो. कनेक्टरपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत वायर सरळ ठेवा, लगेच वळवू नका.

बायोसमध्ये 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' चालू करा. ते बंद असलं तर दुसरं कार्ड दिसत नाही किंवा ड्रायव्हर 'पीसीआय रीजन इनव्हॅलिड' म्हणून अडतो. वीज गेल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंद ठेवा. लाईट परत येताना दोन-तीनदा झटके देत येते आणि प्रत्येक झटक्याला मशीन सुरू होऊ पाहते.

ड्रायव्हर

'एलएसपीसीआय | ग्रेप -आय एनव्हिडिया' लिहून दोन्ही कार्डं दिसतात का ते आधी बघा. इथेच दिसत नसतील तर ड्रायव्हर टाकून काही होणार नाही. कार्ड आणि वायरी पुन्हा बसवा.

उबंटूवर सगळ्यात कमी त्रासाची वाट म्हणजे वितरणाचंच पॅकेज. 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स लिस्ट --जीपीजीपीयू' लिहिलं की यादी येते. तीमधला 'सर्व्हर' शेपटीचा ड्रायव्हर निवडून 'इन्स्टॉल --जीपीजीपीयू'ने टाका. कार्डाची माहिती दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा या मार्गाने आपोआप येत नाही. त्याच आवृत्तीचं 'एनव्हिडिया-युटिल्स' पॅकेज, तेही 'सर्व्हर' शेपटीचंच, वेगळं टाकावं लागतं. संकेतस्थळावरून उतरवलेली रन-फाईल टाकू नका. कर्नल बदलला की ती गप्प बसते आणि सकाळी सर्व्हर विना-जीपीयू उठतो.

रीबूटनंतर एनव्हिडिया-एसएमआय चाललं नाही तर कारण बहुधा पुढच्या तिघांपैकी असतं. 'की वॉज रिजेक्टेड' असा निरोप आला तर सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू आहे. इन्स्टॉलच्या वेळी ठेवलेला पासवर्ड रीबूटच्या निळ्या पडद्यावर देऊन 'एनरोल मोक' करा. हा पडदा एसएसएचवर, म्हणजे दुरून जोडल्यावर, दिसत नाही, मशीनला मॉनिटर जोडावा लागतो. दुसरं कारण म्हणजे लिनक्ससोबत येणारा नूव्हो ड्रायव्हर कार्ड धरून बसलेला असतो. मॉडप्रोबच्या फोल्डरात त्याला ब्लॅकलिस्ट करून 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा. तिसरं, 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच': रात्री आपोआप अपडेट झालं, लायब्ररी नवी आली, पण कर्नलमधला मॉड्यूल जुनाच चालू आहे. रीबूट केलं की सुटतं. परत घडू नये म्हणून एनव्हिडियाच्या पॅकेजेसवर 'एपीटी-मार्क होल्ड' लावा आणि अपडेट ठरवून हाताने करा.

मग 'एनव्हिडिया-एसएमआय -पीएम १'ने पर्सिस्टन्स मोड चालू करा. तो नसला तर काम नसताना ड्रायव्हर उतरतो आणि लावलेली मर्यादा विसरतो.

टेस्टची तयारी

रोजच्या कामासाठी पॉवरची मर्यादा खाली आणा: 'एनव्हिडिया-एसएमआय -पीएल २८०'. ३५०वरून २८० म्हणजे वीज २० टक्के कमी, आणि बहुतेक कामांत वेग साधारण ५ ते १० टक्केच घटतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा सौदा फायद्याचाच आहे. ही मर्यादा रीबूटनंतर जाते, त्यामुळे सिस्टमडीची एक ओळीची सर्व्हिस करून ती बूटवेळी लावा. पहिली टेस्ट मात्र ३५०वर घ्या, म्हणजे वायरिंगचं खरं बळ कळतं.

टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं टर्मिनल) उघडा, नाहीतर इंटरनेट तुटलं की टेस्टही तुटेल. एका खिडकीत नोंद लावा: एनव्हिडिया-एसएमआयच्या 'क्वेरी-जीपीयू' पर्यायात वेळ, तापमान, वॅट, एसएम क्लॉक (कार्डाचा चालण्याचा वेग) आणि फॅन हे रकाने मागा, फॉरमॅट सीएसव्ही ठेवा, शेवटी '-एल ५' लिहा आणि सगळं फाईलमध्ये वळवा. दर पाच सेकंदांना एक ओळ पडत राहील. दुसऱ्या खिडकीत 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवा, त्यात कर्नलचे निरोप दिसतात.

टेस्टसाठी जीपीयू-बर्न हा छोटा, मुक्त प्रोग्राम पुरतो. तो मोठमोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार पुन्हा पुन्हा करतो आणि उत्तरं एकमेकांशी ताडून बघतो. एक आकडा जरी वेगळा आला तरी 'एरर्स'मध्ये मोजतो. एनव्हिडियाचं कुडा टूलकिट टाका आणि 'मेक कॉम्प्युट=८६'ने तो बांधून घ्या. ३०९०चा कॉम्प्युट आकडा ८.६ आहे. ४०९०ला ८९ आणि टी४ला ७५ लिहायचं. बांधलेल्या फोल्डरातूनच चालवा, कारण ताडणीची सोबतची फाईल तो तिथेच शोधतो.

टेस्टचे चार टप्पे

पहिली पाच मिनिटं समोर उभं राहून बघा: 'जीपीयू_बर्न ३००'. दोन्ही कार्डांचा गिगाफ्लॉपचा आकडा जवळजवळ सारखा हवा. एक कार्ड ५ टक्क्यांहून मागे पडत असेल तर थांबा. याच वेळी 'एलएसपीसीआय -व्हीव्ही'मध्ये 'लिंक स्टेटस'ची ओळ बघा. ३०९०ला १६ गिगाट्रान्स्फर मिळायला हवेत. डेस्कटॉप बोर्डावर दोन कार्डं असतील तर रुंदी (लेनची संख्या) प्रत्येकी ८ येते आणि ते बरोबरच आहे. रिकाम्या वेळी वेग २.५वर उतरतो, तो बघून घाबरू नका. भारात मात्र रुंदी ४ किंवा १ दिसली तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा रायझर (कार्ड आणि स्लॉट यांच्यामधली जोडवायर) खराब आहे.

दुसरा टप्पा एक तासाचा, आणि त्यासोबत 'स्ट्रेस-एनजी --सीपीयू ०' चालवून प्रोसेसरही पूर्ण तापवा. साधारण वीस मिनिटांत तापमान स्थिरावतं. त्यानंतर प्लगला, सॉकेटला आणि एमसीबीला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर टेस्ट तिथेच थांबवा. मल्टिमीटरने भारातलं व्होल्टेज टिपून ठेवा.

तिसरा टप्पा बहुतेक लोक करतच नाहीत, आणि एसएमपीएसचा दोष नेमका त्यातच सापडतो. सलग भारात करंट स्थिर असतो. खऱ्या कामात मॉडेल क्षणात पूर्ण भार घेतं, क्षणात सोडतं. म्हणून बॅशच्या लूपमध्ये वीस सेकंद जीपीयू-बर्न, दहा सेकंद 'स्लीप', असं शंभर वेळा फिरवा. तासभर सलग चाललेली मशीन इथे पंधराव्या फेरीला बंद पडली तर एसएमपीएस कमी पडतोय किंवा वायर सैल आहे. पॉवर मर्यादा २८०वर आणल्यावर तीच मशीन शंभर फेऱ्या पार करत असेल तर निदान पक्कं झालं.

चौथा टप्पा मेमरीचा. ३०९०ला ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडण्याची सोय) नाही, त्यामुळे मेमरीतला बिघाड लॉगमध्ये उमटत नाही, चुकीचं उत्तर मात्र मिळतं. 'मेमटेस्ट-व्हल्कन' तासभर चालवा. जीपीजीपीयू पद्धतीच्या, म्हणजे फक्त गणनेसाठीच्या ड्रायव्हरमध्ये व्हल्कनचा (ग्राफिक्सचा) भाग नसतो, त्यामुळे या प्रोग्रामला कार्ड सापडत नाही. त्याच आवृत्तीचं 'लिबएनव्हिडिया-जीएल' टाकल्यावर सापडतं. ३०९०च्या २४ मेमरी चिपांपैकी १२ पाठीमागच्या बाजूला असतात, जिथे फॅनची हवा पोचत नाही, आणि एनव्हिडिया-एसएमआय त्यांचं तापमान दाखवत नाही. मागच्या पत्र्यावर हवा मारणारा १२० मिलिमीटरचा एक साधा फॅन लावा. वापरलेल्या कार्डात हा उपाय फार उपयोगी पडतो.

निकाल कसा वाचावा

'एरर्स'मध्ये शून्याखेरीज काहीही आलं तर कार्ड नापास. एक-दोन चुकांनी काय होतं, असं म्हणू नका.

क्लॉक पडत असेल तर 'एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी परफॉर्मन्स' कारण सांगतं. 'एसडब्ल्यू पॉवर कॅप' म्हणजे तुम्हीच लावलेली मर्यादा, ते ठीक. 'थर्मल स्लोडाऊन' म्हणजे हवा कमी पडतेय. 'पॉवर ब्रेक' म्हणजे पुरवठ्याकडून आलेला इशारा.

डीमेसेजमध्ये 'एक्सआयडी' शब्द शोधा, तो ड्रायव्हरने दिलेला दोषाचा क्रमांक असतो. एक्सआयडी ७९, म्हणजे कार्ड बसवरूनच निसटलं: आधी पॉवर वायरी, मग रायझर, मग तापमान तपासा. १३ आणि ३१ एरवी प्रोग्रामच्या चुकीने येतात, पण जीपीयू-बर्नसारख्या साध्या प्रोग्रामवर आले तर कार्डावर संशय घ्या. ४८ हा ईसीसी असलेल्या कार्डांवरचा मेमरीचा गंभीर दोष. 'पीसीआयई बस एरर, करेक्टेड' अशा ओळींचा पाऊस पडत असेल तर बायोसमध्ये एएसपीएम (स्लॉटच्या जोडणीची वीज-बचत) बंद करा. रायझर असेल तर स्लॉट जेन ३वर आणून बघा.

दोष कार्डाचा की जागेचा, हे ठरवायला दोन्ही कार्डांची अदलाबदल करा. दोष कार्डासोबत सरकला तर कार्ड, जागेवरच राहिला तर स्लॉट किंवा वायर. दुकानात कार्ड परत करायला जाण्याआधी ही अर्ध्या तासाची मेहनत घ्याच.

मे महिन्याचा हिशोब

कार्डाच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. भिंतीवरचा किंवा एसीचा आकडा धरू नका. समजा हवा २४ अंश आणि कार्ड ७१वर स्थिर, तर फरक ४७. एसी बंद पडून मे महिन्यात तीच हवा ३८ झाली तर कार्ड ८५वर जाईल. फॅनला वेग वाढवायला वाव असेल तर दोन-चार अंश वाचतील. तो आधीच पूर्ण वेगात असेल तर तेवढेही नाहीत. 'एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी टेम्परेचर'मध्ये तुमच्या कार्डाची लक्ष्य, मंदावण्याची आणि बंद होण्याची मर्यादा लिहिलेली असते. बेरीज लक्ष्याच्या वर जात असेल तर -पीएल २० वॅटने उतरवा आणि पुन्हा मोजा. हिवाळ्यात मशीन बसवत असाल तर एसी बंद करून, दार लावून, दुपारी दोन ते पाच टेस्ट घ्या. खोली आपोआप तापते आणि मे महिना थोडाफार उभा राहतो. तेव्हा मशीन सोडून जाऊ नका.

एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. वरून आरओसीएम (एएमडीचं गणनेचं सॉफ्टवेअर) टाका, वापरकर्त्याला 'रेंडर' आणि 'व्हिडिओ' गटांत घाला, तापमान 'आरओसीएम-एसएमआय'ने बघा. वीज, हवा आणि हिशोब तेच.

सगळं पार पडल्यावर एका कागदावर तारीख, हवेचं तापमान, भारातलं व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थचं माप, दोन्ही कार्डांचं स्थिर तापमान, वॅट आणि गिगाफ्लॉप लिहा आणि तो कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. गुढीपाडव्याच्या सुमारास फिल्टर धुऊन, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून तीच एका तासाची टेस्ट पुन्हा घ्या आणि नवे आकडे जुन्यांच्या खाली लिहा. हवा तेवढीच असताना तापमान सहा-सात अंशांनी वाढलेलं दिसलं तर आधी हीटसिंक हवेच्या झोताने झाडा. तरीही उतरलं नाही तर थर्मल पेस्ट आणि मेमरीवरचे पॅड बदला. पॅड बदलताना जुन्याची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा घ्या. जाड पॅड बसला तर हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं.